अंजिराला फूल नाही तेव्हा

शास्त्रपाठ : हबक्कूक, अध्याय १ ते ३

बैहरच्या बाजूला मोहाची फुले पडू लागली की घरची मंडळी पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. नेमके त्याच दिवसांत आभाळ भरून आले व पाऊस पडला, तर वाळत घातलेली फुलेही हातची जातात. ज्याचे मीठमिरची त्यावर अवलंबून, त्याला निराशा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. हबक्कूक संदेष्ट्यालाही ते ठाऊक होते. तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस तो एकेक नाव घेतो : अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढरे, गुरे. सारे गेले, तरी परमेश्वराच्या ठायी त्याचा आनंद आहे.

हा भाग आपण उपासनेत आवडीने वाचतो. पहिला अध्याय मात्र सहसा कोणी वाचीत नाही. तेथे हाच मनुष्य देवाकडे गाऱ्हाणे करतो. आपली हाक ऐकली जात नाही, डोळ्यांदेखत जुलूम चालला आहे, असे तो स्पष्ट बोलतो. देवाचे उत्तरही गोड नाही : खास्दी लोक चढाई करून येणार! हबक्कूक पुन्हा वाद घालतो व बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट पाहतो. गीत त्यानंतरचे आहे.

माझ्या वर्गातील एक मुलगा दहावीत नापास झाला, तेव्हा मी लागलीच त्याला तिसरा अध्याय वाचून दाखविला. तो मुकाट्याने ऐकून गेला व पुढचे दोन रविवार आला नाही. चूक माझी होती. त्याचे म्हणणे मी ऐकूनच घेतले नव्हते.

पंडिता रमाबाईंनी आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गमावले, १८८० साली भाऊ व १८८२ साली पती गमावला. एकुलती एक मुलगी मनोरमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनचा भार पुढे सांभाळील अशी आशा होती. तीही जुलै १९२१ मध्ये वारली. त्या वेळी रमाबाई मूळ इब्री व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. दुःख संपले म्हणून हाती घेतलेले ते काम नव्हे. दुःख होतेच, आणि कामही चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

शिक्षकांनी हा पाठ दोन रविवारांत घ्यावा. पहिल्या रविवारी फक्त पहिला अध्याय वाचून मुलांना आपापली गाऱ्हाणी बोलू द्यावीत. मध्येच उपदेश करू नये. (हे आपल्याला फार जड जाते!) दुसऱ्या रविवारी तिसरा अध्याय घ्यावा. आपल्या मुलांनी अंजीर व जैतून पाहिलेले नसतात, म्हणून त्या जागी काय घालाल असे त्यांना विचारावे. मोह, धान, बकऱ्या ही नावे लगेच येतील. बाकीची त्यांच्याकडूनच ऐकून फळ्यावर लिहावीत.