सर्पगंधेची मुळी आणि बीपीची गोळी

प्रश्न : आमच्या सिंधुदुर्गात सर्पगंधेची मुळी डोकं शांत व्हावं, झोप लागावी म्हणून देत असत. ब्लडप्रेशरवरचं आधुनिक औषध याच मुळीतून निघालं आणि त्याची तपासणी मुंबईत झाली, असं एका व्याख्यानात ऐकलं. हे खरं आहे का? खरं असेल, तर ती गोळी आज डॉक्टर का देत नाहीत? आणि घराच्या परड्यात सर्पगंधा असताना गोळी सोडून मुळी घेतली तर चालेल का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर होकारार्थी आहे आणि शेवटच्याचं नकारार्थी. मधल्या प्रश्नाला मात्र जरा सविस्तर उत्तर द्यावं लागेल.

सर्पगंधेला कुठे अडकई, कुठे हरकई म्हणतात. झुडूप गुडघ्याएवढं, कधी कमरेएवढं. एका पेरावर तीन-चार पानांचं कडं, फुलं पांढरी-गुलाबी, त्यांचे देठ लालभडक आणि पिकलेली फळं जांभळट काळी. औषधी भाग म्हणजे जमिनीखालची वाकडीतिकडी मुळी. तिला वास जवळजवळ नाहीच, पण चव कडूजहर. सर्पदंशावर, तापावर, बाळंतिणीच्या कळांवर आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी ती देशभर वापरली जात होती. बिहारकडे तर ती वेडावरचं औषध म्हणूनच विकली जायची. या यादीतल्या काही उपयोगांना आधार होता, काहींना नव्हता. सापाचं विष तिनं उतरत नाही. म्हणजे परंपरेनं आपल्या हाती दिली ती एक संमिश्र यादी. त्यातलं खरं काय, हे शोधणं पुढच्यांचं काम होतं.

ते काम १९३१ साली दोन ठिकाणी सुरू झालं. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून शुद्ध अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतली गुणकारी रसायनं, वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिलं. हृदयाच्या ठोक्यांचा एक आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी जगभरचे डॉक्टर आजही अजमलीन वापरतात. त्याच वर्षी कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही उपयोगी पडते, असं रुग्णांच्या अनुभवावरून छापलं. कलकत्त्यातच कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून रक्तदाब उतरतो हे दाखवलं. पण हे सगळं भारतीय नियतकालिकांत राहिलं. पुढची अठरा वर्षं बाहेरच्या जगानं त्याकडे जवळजवळ पाहिलंच नाही.

त्या काळात रक्तदाबावर जगाकडे होतं तरी काय? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचंच उदाहरण घ्या. शक्य ते सगळे वैद्यकीय उपचार त्यांना मिळत होते. मीठ कमी, विश्रांती, झोपेचं औषध फिनोबार्बिटोन आणि हृदयासाठी डिजिटॅलिस. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते कोसळले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसासाठीही बीपी उतरवणारी खात्रीची गोळी नव्हती. दुसरा उपाय होता तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंवर मोठी शस्त्रक्रिया करण्याचा, आणि तो थोड्यांनाच झेपायचा.

आता मुंबईची गोष्ट. डॉ. रुस्तम जाल वकील हे लंडनला शिकून आलेले हृदयरोगतज्ज्ञ, परळच्या के.ई.एम. रुग्णालयाशी जोडलेले. सर्पगंधेच्या तयार गोळ्या बाजारात होत्या. हिमालय कंपनीनं १९३४ सालीच ‘सर्पिना’ काढली होती आणि अनेक डॉक्टर ती वापरतही होते. तरीही वकिलांनी ती पन्नास रुग्णांना देऊन नोंदी केल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापल्या. ज्या औषधाचा गुण अनेकांना ठाऊक होता, ते पुन्हा तपासण्यात विशेष काय, असं कुणी विचारील. माझ्या मते सगळं विशेष तिथेच आहे.

रक्तदाब हा फार फसवा आकडा आहे. दवाखान्यात पहिल्यांदा मोजला की जास्त येतो. रुग्णालयात चार दिवस पडून राहिलं, जेवण बेताचं झालं, चिंता कमी झाली की तो आपसूक उतरतो. अशा वेळी कुठलीही मुळी, कुठलाही काढा दिला तरी औषध लागू पडल्यासारखं वाटतं. वैद्य खोटं बोलत नसतो, रुग्णही नाही. आकडा खरोखरच उतरलेला असतो, पण उतरण्याचं कारण निराळं असतं. वकिलांनी म्हणूनच असे रुग्ण निवडले, ज्यांचा दाब विश्रांतीनं आणि झोपेच्या औषधानं खाली येत नव्हता. त्यांना आठवडेच्या आठवडे गोळी दिली, वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे लिहिले, आणि गोळी थांबवल्यावरही मोजत राहिले. बहुतेकांचा दाब उतरला. कुणाचा नाममात्र, कुणाचा चांगलाच. गोळी बंद केल्यावरही उतार काही आठवडे टिकला. आज आपण मागतो तशी, डॉक्टरलाही खरी गोळी कुठली हे न कळू देणारी चाचणी ती नव्हती. ती पद्धत तेव्हा इंग्लंडमध्येच नुकती रुजत होती. पण कुणाला किती गुण आला आणि कुणाला आला नाही, हे दोन्ही त्यांनी मांडलं, आणि जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या वाचनात येईल अशा ठिकाणी मांडलं. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, त्याला हा लेख कारणीभूत होता.

लेख वाचून बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांना देऊन पाहिल्या. इकडे स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सिबा कंपनीत श्लिटलर, म्यूलर आणि बाइन यांनी १९५२ साली मुळीतला मुख्य गुणकारी घटक वेगळा काढला. त्याचं नाव रिसर्पीन. मुळीत सगळी अल्कलॉइड मिळून साधारण एक ते दोन टक्के असतात आणि रिसर्पीन हा त्यातलाही छोटासा भाग. प्रश्न आपल्याकडचा, मुळी आपली, रुग्णांवरची पहिली कामंही आपली, आणि रेणू मात्र बाझलला सापडला, याची मला मनापासून हळहळ वाटते. गुण शोधणारे लोक आपल्याकडे होते. प्रयोगशाळा, पैसा आणि वैद्य, रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर यांचं सलग एकत्र काम, यांत आपण कमी पडलो.

हातात शुद्ध रेणू आल्यामुळे तो शरीरात काय करतो हे पाहता आलं. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरॲड्रेनलीन, सिरोटोनिन, डोपामीन ही संदेशवाहक रसायनं साठवलेली असतात. रिसर्पीन या पिशव्या भरू देत नाही. साठा हळूहळू संपतो, रक्तवाहिन्यांना ‘आवळा’ हा निरोप पोचत नाही, त्या सैल होतात आणि दाब उतरतो. साठा संपायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पुन्हा भरायलाही वेळ लागतो. वकिलांना गोळी थांबवल्यावरही टिकलेला उतार का दिसला, याचं कारण हे.

तुमच्या गावात मुळी झोपेसाठी का देत, तेही यातच आहे. मेंदूतल्या पिशव्याही रिकाम्या होतात, म्हणून माणूस शांत होतो. आणि प्रमाण जास्त झालं, तर नुसता शांत राहत नाही, खचतो. पन्नाशीच्या दशकात रिसर्पीनचे मोठे डोस दिले गेले तेव्हा काही रुग्णांना गंभीर नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. शिवाय नाक चोंदणं, सुस्ती, पोटातला अल्सर. पुढे डोस बराच कमी झाला आणि त्रासही कमी झाला, पण नाव खराब झालं ते झालंच. दरम्यान, कमी त्रासाची नवी औषधं आली आणि रिसर्पीन मागे पडलं. साठी-सत्तरीच्या वाचकांना घरातल्या थोरांच्या औषधाच्या डब्यातली ‘ॲडेल्फेन’ आठवत असेल. तिच्यात रिसर्पीन होतं. आज डॉक्टर ते का लिहून देत नाहीत, याचं उत्तर इतकंच की आता त्याहून चांगल्या गोळ्या मिळतात.

मात्र मागे पडलेल्या या औषधाचं ऋण मोठं आहे. रक्तदाब उतरवल्यानं माणसं खरंच वाचतात का, हे साठच्या दशकापर्यंत सिद्ध झालेलं नव्हतं. उतारवयात दाब वाढणं शरीराला गरजेचंच आहे, असंही बरेच डॉक्टर मानत. अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी निवृत्त सैनिकांवर चाचणी केली. अर्ध्यांना औषधी गोळ्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी. १९६७ साली १४३ रुग्णांचा निकाल छापला गेला आणि शंका मिटली. उपचार न मिळालेल्यांत पक्षाघात आणि मृत्यू कितीतरी जास्त होते. त्या चाचणीत तीन औषधं एकत्र दिली होती, आणि त्यातलं एक होतं रिसर्पीन.

दुसरं ऋण स्वीडनचे आर्विड कार्लसन यांच्या कामातलं. त्यांनी सशांना रिसर्पीन दिलं तेव्हा ते निपचित पडले. मग शरीरात ज्यापासून डोपामीन बनतं ते एल-डोपा टोचल्यावर ते उठून हालचाल करू लागले. १९५७ च्या या प्रयोगातून डोपामीनचं काम कळलं, पार्किन्सनच्या उपचाराची वाट निघाली आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. तोच एल-डोपा आपल्या खाजकुइलीच्या बियांत असतो हे भारतातल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ सालीच दाखवलं होतं, आणि कंपवातावर त्या बिया वैद्य आधीपासून वापरत होते. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांनी सत्तरच्या दशकात खाजकुइली पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन पाहिली. रुग्णाच्या खाटेपासून सुरुवात करून मग प्रयोगशाळेकडे जायचं, या मार्गाचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. वनस्पतींच्या संशोधनाला हाच मार्ग योग्य आहे असं मलाही वाटतं. परंपरेनं कुठे खणायचं ते सांगावं, आणि मोजणी काटेकोर असावी.

प्रश्न : हळदीचं पेटंट अमेरिकेत घेतलं होतं, तसं उद्या सर्पगंधेचं कुणी घेतलं तर?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हळदीनं जखम भरते, या वापराचं पेटंट १९९५ साली मिसिसिपीच्या एका विद्यापीठाला मिळालं होतं. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेनं त्याला आव्हान दिलं, जुने छापील पुरावे मांडले आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. ‘आमची आजी लावायची’ हे तिथे पुरत नाही, लिहिलेलं दाखवावं लागतं. म्हणून २००१ पासून आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध ग्रंथांतले योग परदेशी पेटंट परीक्षकांना कळतील अशा भाषांत नोंदवण्याचं काम सुरू झालं. सर्पगंधेच्या जुन्या उपयोगांवर त्यामुळे कुणाला हक्क सांगता येणं कठीण आहे. नव्या उपयोगाचं किंवा नव्या प्रक्रियेचं पेटंट कुणीही मागू शकतो, आणि ते आपल्या संशोधकांनीही मागावं.

आता कुडाळच्या वाचकांच्या शेवटच्या प्रश्नाकडे. परड्यातली मुळी बीपीच्या गोळीऐवजी घेऊ नका. मुळीचं वय, जमीन आणि काढण्याचा हंगाम यांनुसार तिच्यातलं रिसर्पीन बदलतं. आज चिमूटभरानं जेवढा गुण येईल, तेवढाच उद्याच्या चिमटीनं येईल असं नाही. चालू गोळीच्या जोडीला घेतली तर दाब एकदम खाली जाऊ शकतो. ज्यांना कधी नैराश्य आलं असेल, पोटात अल्सर असेल किंवा ज्या बाई गरोदर असतील, त्यांनी तर तिला हातही लावू नये. वैद्यांच्या सल्ल्यानं सर्पगंधेचं औषध चालू असेल, तर ते बीपीच्या डॉक्टरांना आणि ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्यांना आवर्जून सांगा. हे सांगायला अनेक जण संकोचतात, पण डॉक्टर रागावतील या भीतीपेक्षा न सांगण्याचा धोका मोठा आहे.

आणखी एक विनंती. मुळी खणली की झाड जातं, आणि बियांपासून रोपं मुश्किलीनं होतात. म्हणून रानातली सर्पगंधा झपाट्यानं विरळ झाली, आणि तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं निर्बंध आहेत. आपल्याच सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचं उदाहरण समोर आहे. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कॅन्सरवरची औषधं बनतात हे कळल्यावर मागणी वाढली आणि जंगलात त्याची चोरटी तोड झाली. तुमच्या परड्यातली सर्पगंधा राखा, तिची फळं पिकली की बी पेरा, शेजाऱ्यांना रोपं द्या. कुणी किलोच्या भावानं रानातल्या मुळ्या विकत घ्यायला गावात आलं, तर वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात कळवा.