एकच डोस राहिला

कॅन्सरवर औषध बहुधा शिरेतून देतात. सलाईनसारखे ते थेंब थेंब चढवतात. या उपचाराला केमोथेरपी म्हणतात. लोक नुसते 'केमो' म्हणतात.

परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. पूर्वी पुष्कळांना तेवढी मुंबईचीच वाट ठाऊक होती. आता अनेक जिल्ह्यांच्या गावीही केमो मिळते. डोस घेऊन माणूस पुष्कळदा त्याच दिवशी घरी येतो. म्हणून पुढची राखण आपल्याकडे आली.

समजा, आपल्या आईला केमो चालू आहे. पाच डोस झाले. घरचे म्हणतात, "आता एकच राहिला. सुटलो बाई!" इथेच आपण सावध राहायचे. हे औषध कॅन्सरच्या पेशी मारते. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी करते. या पेशी रोगजंतूंशी लढतात. डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या फार कमी होतात. शेवटच्या डोसानंतरही तसेच होते. थकवा तर डोसागणिक साचत जातो.

मग आपण काय करावे? साबणाने हात धुऊन आईजवळ जावे. पाणी उकळून गार केलेले द्यावे. मऊ भात, मुगाचे वरण असे ताजे अन्न थोडे थोडे द्यावे. सर्दी-खोकल्याच्या पाहुण्याला "बरे झाल्यावर या" म्हणावे. त्यात अपमान कसला?

घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ झाला की सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी दवाखाना गाठावा. आपल्या मनाने तापाची गोळी देऊ नये. गोळीने ताप झाकतो, आतले दुखणे वाढत राहते. गाडीवाल्याचा व दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.

आई म्हणेल, "नको रे मला आता तो डोस." तिच्यावर रागावू नये. काय होते ते विचारावे आणि डॉक्टरांना सांगावे. ओकारीवर औषध असते. डोस पुढे ढकलायचा की कमी करायचा, ते डॉक्टर ठरवतात.

शेवटचा डोस झाला म्हणून लगेच तिला चुलीपुढे बसवू नये. अंगात बळ यायला काही महिने लागतात. केसही बहुधा हळूहळू येतात. तोवर पाणी भरणे, भाकरी थापणे घरातल्या पुरुषांनीही करावे. कॅन्सर शिवल्याने होत नाही. तिच्याजवळ बसावे, बोलावे.

सांगा पाहू :
१. ताप किती झाला की दवाखान्यात न्यावे?
२. आपल्या मनाने तापाची गोळी का देऊ नये?
३. शेवटच्या डोसानंतर आपल्या घरात कोणते काम कोण करील?