‘कॅथलिक’ म्हणजे काय?



शाळेचा दाखला असो की कचेरीतला अर्ज, आपण ‘कॅथलिक’ हा शब्द जातीच्या नावासारखा लिहून मोकळे होतो. मुळात ते एक विशेषण आहे.

ग्रीक भाषेत ‘काथोलू’ म्हणजे ‘संपूर्णाला धरून’. त्यावरून ‘काथोलिकोस’ आणि लॅटिनमध्ये ‘काथोलिकुस’ हा शब्द आला. ख्रिस्तसभेला हे विशेषण लावलेले प्रथम आढळते ते अंत्युखियाचे महागुरू संत इग्नेशियस यांच्या पत्रात. इ. स. ११० च्या सुमारास रक्तसाक्षी होण्यासाठी रोमला नेले जात असताना त्यांनी ते स्मर्णा येथील भाविकांना लिहिले. जेथे येशू ख्रिस्त आहे तेथे कॅथलिक ख्रिस्तसभा आहे, असा त्यातील आशय आहे.

आपण चांगला, चांगली, चांगले म्हणतो. लॅटिनमध्येही तसेच होते: काथोलिकुस, काथोलिका, काथोलिकुम. ‘एक्लेसिया’ हा शब्द आपल्या ‘ख्रिस्तसभे’प्रमाणेच स्त्रीलिंगी, म्हणून ‘एक्लेसिया काथोलिका’.

आता दुसरे विशेषण पाहू. सातारा जिल्हा ज्यात येतो तो आपला पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. लॅटिनमध्ये त्याला ‘पूनेन्सिस’ म्हणजे ‘पुण्याचा’ हे विशेषण लागते. आपण ‘सातारी’ म्हणतो, तसेच हे. सातारी पेढा, सातारी बोली: लिंग बदलले तरी रूप तेच. ‘पूनेन्सिस’चेही पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूप एकच असते.

एक विशेषण संपूर्णाचे, दुसरे गावाचे. आणि ख्रिस्तसभेला दोन्ही शोभतात. मेढ्यासारख्या ठिकाणी आपली घरे थोडी. एवढ्याशा लोकांची ख्रिस्तसभा विश्वव्यापी कशी, असे कधी मनात येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ‘लुमेन जेन्शियम’ या दस्तऐवजात याचे उत्तर दिले आहे: लहान, गरीब, विखुरलेल्या समूहांतही ख्रिस्त उपस्थित असतो आणि त्याच्या उपस्थितीने तेथे एक, पवित्र, कॅथलिक व प्रेषितीय ख्रिस्तसभा एकत्र येते. म्हणजे आपण तिचा उरलासुरला तुकडा नाही.

मात्र ‘संपूर्ण’ म्हटले की कोणाला वगळता येत नाही. पुढच्या मिस्साला विश्वास प्रकट करताना हा शब्द येईल, तेव्हा कामासाठी मुंबई-पुण्याला गेलेल्यांची आठवण करू या. आणि ज्या घरातले कोणी बरेच दिवस दिसले नाही, त्या घरी संध्याकाळी जाऊन येऊ या.