नाचणीची बिस्किटे एअर फ्रायरमध्ये : रंगावर जाऊ नका, वजन करा



आज पिकाचा सल्ला नाही. दिवाळी तोंडावर आली आहे आणि आपल्या तीन-चार बचत गटांना नाचणी बिस्किटांच्या ऑर्डरी येत आहेत, म्हणून हा मेसेज. जरा लांब आहे, पण ज्या ताई बिस्किटे करणार आहेत त्यांनी पूर्ण वाचावा. घरातल्या कुणाला वाचून दाखवायला सांगितलंत तरी चालेल.

आधी माझी चूक सांगते. गणपतीच्या आधी याच ग्रुपवर मी लिहिलं होतं, "एअर फ्रायर 180 डिग्रीला लावा, 12 मिनिटे ठेवा." तो आकडा मोठ्या ओव्हनच्या कृतीतला होता. मी स्वतः करून न बघता पुढे पाठवला. एका गटाची बिस्किटे वरून करपली, ती त्यांनी घरीच संपवली. दुसऱ्या गटाची दिसायला एकदम छान झाली, आणि खरं नुकसान तिथेच झालं. त्यांनी तीन रात्री जागून 200 ग्रॅमची 24 पाकिटे भरली. नवव्या दिवशी त्यातली 12 परत आली. बिस्किटे मऊ पडली होती आणि तीन पाकिटांत पांढरी बुरशी दिसली. पाकिटाला 80 रुपये प्रमाणे 960 रुपये ताईंनी परत दिले. त्यानंतर महिनाभर मी माझ्या घरच्या 4 लिटरच्या यंत्रात घाणे काढून, वजने लिहून बघितली. जे कळलं ते खाली देत आहे.

एअर फ्रायर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. नावात फ्राय आहे पण त्यात तळण काही होत नाही. वर एक कॉइल असते, तिच्यावर पंखा, आणि खाली जाळीची बास्केट. पंखा गरम हवा जोरात फिरवतो. म्हणजे ही छोटी भट्टीच आहे, फक्त आच डोक्याला चिकटून आहे आणि वारा जोराचा आहे. त्यामुळे बिस्किटाचा वरचा पापुद्रा पटकन वाळतो, त्याला रंग येतो, आणि आतलं पाणी आतच राहतं.

खळ्यावर सोयाबीन वाळत घातलं की वरून हात फिरवल्यावर खडखडीत लागतं आणि ढिगात हात घातला की गार, ओलसर. तसंच हे. आपण वरचा हात बघून सोयाबीन पोत्यात भरत नाही, मॉइश्चर मीटर लावतो. मग बिस्किटाला नुसता रंग बघून पाकिटात का भरायचं? त्यात नाचणीचं पीठ मुळातच तांबूस-काळपट. मैद्याचं बिस्किट कच्चं असेल तर पांढरं तरी दिसतं. नाचणीचं बिस्किट कच्चं असतानाही भाजल्यासारखंच दिसतं.

बिस्किटाला मीटर नाही, पण काटा आहे. भाजताना बिस्किटातून जातं ते जवळजवळ सगळं पाणीच. म्हणून वजन किती घटलं हे कळलं की आत किती पाणी उरलं ते कळतं.

मी वापरलेलं प्रमाण लिहून घ्या. नाचणी पीठ 120 ग्रॅम, गव्हाचं पीठ 80 ग्रॅम, साजूक तूप 90 ग्रॅम, दळलेली साखर 90 ग्रॅम, दूध 30 ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ. एकूण साधारण 412 ग्रॅमचा गोळा होतो. आता यात पाणी किती? पिठात सुमारे 12 टक्के ओलावा असतो, म्हणजे 200 ग्रॅममध्ये 24 ग्रॅम. दुधात बहुतेक पाणीच, म्हणजे 26 ग्रॅम. दोन्ही मिळून 50 ग्रॅम. बाकी 360 ग्रॅम कोरडा माल. चांगल्या कुरकुरीत बिस्किटात ओलावा 5 टक्क्यांच्या खाली लागतो. 4 टक्के धरला तर 412 ग्रॅमचे 375 ग्रॅम व्हायला हवेत. म्हणजे 9 टक्के घट.

हिशेब नको असेल तर एवढंच लक्षात ठेवा : 130 ग्रॅम कच्ची बिस्किटे आत गेली तर गार झाल्यावर 118 ग्रॅम भरली पाहिजेत. 124 भरली तर आत अजून जवळपास 8 टक्के पाणी आहे. तोंडात टाकल्यावर गरम-गरम ती चांगलीच लागतील, पण आठवड्यात मऊ पडतील. आणि जाड थापली असतील तर मधला गाभा त्याहून ओला असतो, बुरशी तिथून सुरू होते.

हा आकडा वरच्याच प्रमाणाला लागू आहे बरं का. दूध दुप्पट घातलंत तर घट 14 टक्क्यांपर्यंत जायला हवी. म्हणून दूध चमच्याने अंदाजे ओतू नका, काट्यावर घ्या.

आता कृती. नाचणीचं पीठ कढईत मंद आचेवर 4-5 मिनिटे परता, कच्चा वास जातो. पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर तूप वितळून पीठ तेलकट होतं. तूप आणि साखर हाताने हलकी होईपर्यंत फेटा, मग पीठ, बेकिंग पावडर, मीठ आणि शेवटी दूध. भाकरीसारखं मळायचं नाही, गोळा जमला की थांबायचं. नाचणीत चिकटपणा नाही म्हणून गव्हाचं पीठ आहे, नुसत्या नाचणीची बिस्किटे पाकिटात पोहोचेपर्यंत भुगा होतात. गोळा 15 मिनिटे झाकून ठेवा. मग 13-13 ग्रॅमचे तुकडे करून 7-8 मिलिमीटर जाडीचे थापा. पहिले दोन-चार काट्यावर घेतले की हाताला अंदाज येतो. सगळ्यांची जाडी सारखी हवी. एक पातळ एक जाड असेल तर एक करपतं आणि एक कच्चं राहतं, कितीही मिनिटे लावा.

यंत्र 150 डिग्रीला 5 मिनिटे रिकामं तापवा. या वेळी आत बटर पेपर ठेवू नका. वर वजन नसलं की पंख्याच्या वाऱ्याने पेपर उडून कॉइलला चिकटतो आणि पेटतो. पेपर बिस्किटांसकटच आत जाऊ द्या, आणि त्याला भोकं पाडा म्हणजे खालून हवा लागेल. 10 बिस्किटे, एका थरात, मध्ये बोटभर जागा. 150 डिग्रीला 10 मिनिटे. मग दार न उघडता 115-120 डिग्रीवर आणून आणखी 8 मिनिटे. पहिल्या टप्प्यात भाजतं, दुसऱ्यात वाळतं. माझ्या आधीच्या मेसेजमध्ये हा दुसरा टप्पाच नव्हता. बेकरीवाले टोस्ट दोनदा भाजतात ते याचसाठी. बिस्किट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही "दोनदा भाजलेलं" असाच आहे, हे मला अलीकडेच कळलं.

बाहेर काढल्यावर लगेच उचलू नका, गरम असताना ती मऊच असतात आणि तुटतात. 5 मिनिटांनी जाळीवर काढा. गार झाली की वजन करा. जास्त भरलं तर परत 110 डिग्रीला 4-5 मिनिटे. वजन बरोबर आलं तरी दर घाण्यातलं सगळ्यात जाड बिस्किट मोडून बघा, मध्ये गडद ओलसर रेघ दिसायला नको.

प्रत्येक यंत्र वेगळं, म्हणून माझी मिनिटे तुमच्याकडे तंतोतंत लागू पडणार नाहीत. त्यातून आपल्याकडची लाईट! व्होल्टेज 230 ऐवजी 180 असेल तर 1400 वॅटचं यंत्र 860 वॅटच्या आसपासच उष्णता देतं. मिनिटे तीच, पण तापायलाच जास्त वेळ जातो, आणि संध्याकाळचा घाणा कच्चा राहतो. दुपारच्या आणि संध्याकाळच्या घाण्याची वजने वेगळी लिहा, फरक लगेच दिसेल. यंत्र 6 अँपिअरच्या आसपास करंट ओढतं, म्हणून पॉवर प्लगलाच लावा. मोबाईल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नको.

पॅकिंग : गार झाल्यावर तासाभरात भरा. गरम भरलं तर वाफ पाकिटात धरते, आणि परत आलेल्या पाकिटांत हेच झालं होतं. रात्रभर उघडं ठेवलं तर दमट हवेतलं पाणी बिस्किट परत ओढून घेतं. गूळ घातला असेल तर आणखी लवकर, गूळ ओलावा धरतो. भाजीची पातळ पिशवी चालणार नाही, जाड लॅमिनेटचं पाकीट सील करून. प्रत्येक दिवसाच्या मालातली चार पाकिटे स्वतःकडे ठेवा आणि 7, 15, 21 आणि 30 व्या दिवशी एकेक फोडून बघा. जेवढे दिवस टिकेल त्याच्या आतलीच तारीख छापायची. सध्या तुमच्याकडे ही नोंद नाही, म्हणून दिवाळीच्या ऑर्डरला 10 दिवसांच्या आत खाण्याची तारीख टाका, जास्त नको.

बाजरीची बिस्किटे करू का, असं दोघी-तिघींनी विचारलं. करा, पण पीठ दळल्यावर एक-दोन दिवसांत वापरा. बाजरीत तेलाचा अंश जास्त, पीठ लवकर कडवट होतं आणि तो कडवटपणा भाजून जात नाही. नाचणीचं पीठ त्या मानाने टिकतं.

पाकिटावर काय लिहायचं याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. "ग्लूटेन फ्री" लिहायचं नाही, आपण गहू घालतो. "तळलेलं नाही, फॅट कमी" हेही नको. एअर फ्रायर बिस्किटातलं तूप कमी करत नाही, ते पिठातच आहे. वरच्या प्रमाणात तयार बिस्किटाचं जवळपास निम्मं वजन तूप आणि साखरेचं आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे खरं, पण 100 ग्रॅम बिस्किटात नाचणीतून येतं ते 110 च्या आसपास. चविष्ट, घरच्या नाचणीचं, साजूक तुपातलं म्हणा, ते खरं आहे आणि त्यावरच विकलं जातं. डायबेटिसवाल्यांना चालतं असं स्टॉलवर कुणी सांगू नका. विकणाऱ्या गटाकडे अन्न सुरक्षा नोंदणी हवी आणि तो नंबर पाकिटावर हवा. अर्ज भरायला मी मदत करते.

शेवटी पैशाचा प्रश्न, कारण दोन गट सात-आठ हजारांचा एअर फ्रायर घ्यायच्या विचारात आहेत. एका घाण्यात 118 ग्रॅम माल. भरणं, भाजणं, काढणं धरून तासाला अडीच घाणे, म्हणजे 300 ग्रॅम. एक किलोला तीन तासांच्या वर, आणि वीज जास्तीत जास्त 4 युनिट. 5 किलोच्या ऑर्डरला 16-17 तास यंत्रापाशी. मजुरी धरली तर हातात काही उरत नाही. माझं मत : धंद्यासाठी एअर फ्रायर विकत घेऊ नका. कुणाच्या घरी असेल तर नमुना करायला, प्रमाण पक्कं करायला, चव दाखवायला तो उत्तम, कारण 130 ग्रॅम मालावर चूक झाली तर 130 ग्रॅमच जातं. ऑर्डरचा माल मात्र गावातल्या बेकरीच्या भट्टीत भाजून घ्या. आपल्या आया दिवाळीला रवा, तूप, साखर घेऊन जायच्या आणि नानकटाईचा पत्र्याचा डबा भरून आणायच्या, तसंच. भाजणावळ किती घेतात ते आधी विचारा. भट्टीतही काटा घेऊन जा, 9 टक्क्यांचा हिशेब तिथेही तोच आहे. पण नोंदणी कुणाच्या नावावर लागेल ते भट्टी ठरवण्याआधी माझ्याशी बोला.

ज्या गटांनी ऑर्डर घेतली आहे त्यांनी येत्या गुरुवारी सकाळी 11 ला संकलन केंद्रावर पाच बिस्किटे आणि वजनांचा कागद घेऊन या : कच्चं वजन, पक्कं वजन, किती डिग्री, किती मिनिटे, सकाळ की संध्याकाळ. काटा नसेल तर केंद्रावरचा वापरा. ज्या गटाची पाकिटे परत आली त्या ताईंनी नक्की यावं, त्यांच्यासाठी 2 किलो नाचणी पीठ मी माझ्याकडून आणते आहे.

– तुमची कृषी सल्लागार