सुट्टीचा पाठ : सुदाम्याचे पोहे

दिवाळीत उधना, लिंबायत, दिंडोलीतली आपली बरीच कुटुंबं मोठी गाडी करून बारडोली, सोनगड, नवापूरमार्गे खानदेशात जातात. गाडीत गाद्या, शेगडी, डबे, सगळं घेऊन. कुणावर भार नको, हा विचार चांगलाच. पण म्हाताऱ्या आत्याच्या दारात गाडी लावून आपण आपलाच डबा उघडला, तर तिनं काय समजायचं?

भागवताच्या दशम स्कंधात सुदाम्याची बायको चार मुठी पोहे मागून आणते, फाटक्या फडक्यात बांधून देते. द्वारकेचं वैभव बघून सुदामा लाजतो, पुरचुंडी लपवतो. देव काय करतात? स्वतः ओढून घेतात आणि मूठभर खातात. (आपण पाय धुतले तेवढंच सांगतो, हे विसरतो.)

आत्याकडेही असंच काही लपवलेलं असतं. कळण्याची भाकरी, ठेचा. "तुम्हा सुरतवाल्यांना काय चालणार" म्हणत ती गप्प बसते. तेव्हा आपणच मागायचं, तिच्याच ताटात बसायचं. शेगडी गाडीतच राहू द्या. आणि ज्या घरी कैक वर्षं कुणी गेलं नाही, ते या वेळी पहिलं घ्या, परतीच्या घाईत नको.