रायपूरच्या भाट्यावर कोणता शॉकर? नव्या माउंटन बाइकच्या खर्चाचा हिशेब

रायपुरात माउंटन बाइक घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न बजेटचा येतो आणि लगेच दुसरा, "सिंगल शॉकर दाखवू की डबल?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याची घाई करू नका. सायकल कुठे चालणार, चालवणाऱ्याचं वजन किती आणि ती वर्षातून किती वेळा खोलून साफ होणार, या तीन गोष्टी घरून ठरवून निघा. रायपूर, दुर्ग-भिलाई आणि धमतरीपर्यंतच्या पट्ट्यासाठी माझा कौल स्पष्ट आहे: पुढे 100 मिलिमीटर चालीचा (म्हणजे तेवढा दबणारा), हवेवर चालणारा, रिबाउंडची (दबल्यावर परत येण्याच्या वेगाची) कळ असलेला फोर्क आणि मागे काहीही नको. तेवढे पैसे नसतील तर शॉकरच नसलेली चांगली, हलकी सायकल घ्या. या दोहोंच्या मधल्या पट्टीतच लोकांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात.

असं का, हे जमिनीवरून कळतं. रायपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 300 मीटर उंचीवर, महानदीच्या मैदानात आहे. इथला शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. आपल्यासाठी त्यातल्या दोन महत्त्वाच्या. भाटा म्हणजे उंचवट्यावरची तांबडी, मुरमाड, खडीसारखी जमीन. सायकलस्वाराचं खरं मैदान तेच. कन्हार म्हणजे काळी चिकण. पावसात ती टायरला चिकटून चिमट्यात अडकते आणि दिवाळीनंतर वाळली की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि गुरांच्या खुरांचे ठसे दगडासारखे घट्ट होतात. नवा रायपूरचे गुळगुळीत रस्ते सोडून एखाद्या गावच्या कच्च्या वाटेला लागलात, किंवा सिरपूर, जतमई-घटारानी, गंगरेलच्या बाजूला गेलात, तर हेच भेटतं. मोठ्या उड्या नाहीत, मिनिटामिनिटांचे तीव्र उतार नाहीत, पण बारीक, सलग, मनगट दुखवणारे धक्के तासन् तास. खरा डोंगर हवा तर कांकेरच्या पुढचा केशकाल घाट किंवा सरगुज्यातलं मैनपाट गाठावं लागतं आणि तिथे कुणी दर रविवारी जात नाही.

बारीक धक्क्यांसाठी लांब चाल लागत नाही. लागतो तो फोर्क जो पहिल्या दोन-तीन मिलिमीटरला न अडखळता दबेल आणि दबल्यावर शहाण्यासारखा परत येईल. 1990 मध्ये अमेरिकेतल्या दुरँगोला झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ग्रेग हरबोल्ड डाउनहिल जिंकला, तो रॉकशॉक्सच्या आरएस-1 या फोर्कवर. हवा आणि तेलावर चालणाऱ्या त्या फोर्कची चाल होती 48 मिलिमीटर. आजच्या स्पर्धांचे मार्ग कितीतरी कठीण आहेत, त्यांना लांब चाल हवीच. पण अभनपूरच्या मुरमाच्या रस्त्यासाठी 120 मिलिमीटरला जास्तीचे पैसे मोजताना हा आकडा आठवावा.

आता फोर्कच्या पोटात काय असतं ते पाहू. दोन कामं असतात. धक्का झेलण्याचं काम स्प्रिंगचं, मग ती लोखंडी असो वा हवेची. झेललेला धक्का जिरवण्याचं काम डँपरचं, म्हणजे बारीक छिद्रांतून ढकलल्या जाणाऱ्या तेलाचं. स्वस्त फोर्कमध्ये स्प्रिंग असते, डँपर नावापुरता असतो किंवा नसतोच. दुकानात हँडल दाबून पाहिलं की तो मऊ आणि छान वाटतो. रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यानंतर तो पुढचं चाक उसळवतो आणि मुरमावर वळताना चाक जमिनीवर नसेल तर पकड कुठून येणार?

लोखंडी स्प्रिंगची दुसरी अडचण वजनाची. कंपनी ती मधल्या वजनाच्या माणसासाठी बसवते. पन्नास किलोची कॉलेजातली मुलगी त्यावर बसली तर अर्धी चालही वापरली जात नाही. पंचाण्णव किलोचा गृहस्थ बसला तर फोर्क खडखड करत तळाला आपटतो. वरची प्रीलोडची चकती फिरवून स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही, ती फक्त थोडी आधीपासून दाबून ठेवली जाते. हवेच्या फोर्कमध्ये पंप लावून दाब बदलला की काम झालं. एका घरात बापलेक एकच सायकल वापरणार असतील तर हा मुद्दा एकटाच निर्णायक आहे.

भाव असे आहेत. पुढचे आकडे ढोबळ आहेत. दुकान, सवलत आणि मॉडेलचं वर्ष यांनी ते हलतात. पंधरा ते तीस हजारांच्या सायकलला पुढे लोखंडी स्प्रिंगचा साधा फोर्क येतो, बहुधा एसआर सनटूरचा एक्ससीटी किंवा त्याच जातीचा बिननावाचा. याचं वजन अडीच किलोच्या आसपास. तीस ते पन्नास हजारांत स्प्रिंग तीच, पण सोबत हायड्रॉलिक लॉकआउट, म्हणजे डांबरी रस्त्यावर फोर्क घट्ट करण्याची सोय, मिळते. हवेचा फोर्क असलेली हार्डटेल, म्हणजे मागे शॉकर नसलेली सायकल, पन्नास हजारांच्या आगेमागे सुरू होते आणि नव्वदपर्यंत जाते. सनटूरचा एक्ससीआर एअर किंवा रॉकशॉक्सचा जूडी आणि रेकॉन ही नावं या पट्ट्यात भेटतील. सुटा घ्यायचा तर हवेचा साधा फोर्क वीस हजारांच्या आसपास आणि रेकॉनच्या दर्जाचा तीसच्या घरात धरा. रेबा, पाइक किंवा फॉक्सची वरची मालिका याहून दुप्पट-तिप्पट. ती रायपूरसाठी मी सुचवणार नाही.

नाव एकच असलं तरी फोर्क एकच असतो असं नाही. जूडी हवेचा येतो तसा सायकल कंपन्यांसाठी लोखंडी स्प्रिंगचाही बनतो आणि बाहेरून फरक फक्त डोक्यावरच्या झाकणाचा. डाव्या नळीच्या वरचं टोपण काढून पाहा. आत गाडीच्या ट्यूबसारखा व्हॉल्व दिसला तर हवा, नुसती फिरणारी चकती दिसली तर स्प्रिंग. उजव्या पायाच्या तळाशी रिबाउंडची कळ आहे का तेही वाकून बघा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा या दोन खुणा पक्क्या.

"आत्ता वीस हजारांची घेऊ, शॉकर नंतर बदलू" हा सल्ला फार ऐकू येतो आणि तो महाग पडतो. स्वस्त चौकटीची डोक्याची नळी बहुधा अरुंद असते. तिच्यात वरपासून खालपर्यंत 1⅛ इंचाचा सरळ दांडाच बसतो. आजचे बरेच चांगले फोर्क वर 1⅛ आणि खाली 1½ इंच, अशा निमुळत्या दांड्याचे येतात. शिवाय जुन्या चाकाचा आस 9 मिलिमीटरचा, नव्या फोर्कला लागतो 15 चा, त्यातही हबची रुंदी 100 की 110 हा वेगळा प्रश्न. म्हणजे फोर्कसोबत पुढचं चाकही बदला. वीस हजारांची सायकल, तीसचा फोर्क, सहा-सात हजारांचं चाक आणि मजुरी मिळून बेरीज अठ्ठावन्नच्या पुढे जाते, आणि चौकट, गिअर, ब्रेक सगळे वीस हजारांचेच राहतात. तरीही बदलायचाच असेल तर चाकाचं माप, दांडा, आस आणि डिस्क ब्रेकची बैठक या चार गोष्टी जुळवा आणि चाल मूळ फोर्कपेक्षा 20 मिलिमीटरहून जास्त वाढवू नका. तेवढ्यानेही पुढची बाजू उचलली जाऊन हँडलचा कोन सुमारे एक अंश बदलतो. त्यापुढे गेलात तर सायकल सुस्त वळते, चौकटीवर ताण येतो आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो.

डबल शॉकरबद्दल थोडक्यात. पंचवीस हजारांच्या आतली डबल शॉकर सायकल कोणत्याही भावात घेऊ नका. मागे तेल नसलेली नुसती लोखंडी स्प्रिंग असते, सांधे प्लॅस्टिकच्या बुशवर फिरतात, वजन अठरा किलोच्या वर जातं आणि तुम्ही पेडलवर जोर दिला की त्यातला काही भाग ती स्प्रिंग खाऊन टाकते. दहावीच्या मुलाला ती दिमाखदार वाटते हे समजू शकतो, पण सहा महिन्यांत मागचे सांधे वाजायला लागतात आणि बुश मिळत नाहीत. खरी फुल सस्पेन्शन दीड लाखाच्या आसपास सुरू होते. वर्षातून दोनदा तरी हिमाचलात किंवा सह्याद्रीत सायकल घेऊन जाणार असाल तरच तिचा विचार करा.

शॉकरवरचा खर्च ठरवण्याआधी टायर पाहा, कारण बारीक धक्क्यांचं निम्मं काम तेच करतात. 2.25 इंच रुंदीचा टायर घ्या. पंक्चरवाला सवयीने 50-60 पीएसआय हवा ठोकतो. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबसह तीसच्या आसपास पुरते. भाट्यावर बाभळीचे काटे अमाप, त्यामुळे चाकं ट्यूबलेस होण्याजोगी असतील तर आत सीलंट घालून घ्या. चारेक हजारांत दोन्ही चाकं होतात आणि मग हवा आणखी थोडी उतरवता येते.

हवेच्या फोर्कबरोबर दीड ते तीन हजारांचा शॉक पंप घेणं भाग आहे. तो लहान असतो, पण 300 पीएसआयपर्यंत जातो आणि हवा थेंबाथेंबाने सोडतो. पेट्रोल पंपावरची किंवा पंक्चरच्या दुकानातली हवा फोर्कला कधीही लावू नका. आतली जागा इतकी थोडी असते की क्षणात सील जाते. दाब बसवायची रीत सोपी आहे. फोर्कच्या पायावर वजनानुसार तक्ता चिकटवलेला असतो, तिथून सुरुवात करा. पाण्याची बाटली, पाठपिशवी घेऊन सायकलवर बसा. आतल्या चकचकीत नळीवरची रबरी रिंग 100 मिलिमीटरच्या फोर्कवर साधारण 20 मिलिमीटर सरकली पाहिजे. मग रिबाउंड: फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या खाली उतरा. फोर्क एकदा दबून परत येऊन थांबला तर ठीक, डुलत राहिला तर कळ कासवाच्या चित्राकडे फिरवा.

रायपूरचा उन्हाळा इथे आणखी एक गुंता करतो. हवा तापली की दाब वाढतो. डिसेंबरच्या पहाटे 12 अंशांत 80 पीएसआय भरलेला फोर्क मे महिन्याच्या दुपारी 44 अंशांत, गळती झाली नाही असं धरलं, तर नव्वदच्या आसपास दाखवेल. सायकल त्या दिवशी कडक वाटते आणि लोक फोर्क बिघडला समजतात. ऋतू बदलला की दाब तपासा, उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत सायकल ठेवू नका.

खर्चाचा जो भाग किमतीच्या चिठ्ठीवर नसतो तो देखभालीचा. रॉकशॉक्स सांगते की दर 50 तासांनी खालचे पाय काढून तेल बदला आणि बहुतेक मॉडेल्सची पूर्ण सर्व्हिस 200 तासांनी करा. रविवारी तीन तास चालवणाऱ्याचे वर्षाला दीडशे तास होतात, म्हणजे छोटी सर्व्हिस तीनदा. एकदाचे दीड-दोन हजार धरले तर वर्षाचे पाच हजार. आपल्याकडे यात काटकसर करू नये. मुरमाची लाल धूळ बारीक आणि खरखरीत असते, सिलतरा-उरल्याकडच्या रस्त्यावर त्यात लोखंडाच्या कारखान्यांची काळी भुकटी मिसळते, आणि ती सीलखाली शिरली की चकचकीत नळीवरचा मुलामा घासून काढते. तो एकदा गेला की दुरुस्ती नाही, नळ्यांचा अख्खा संच बदलावा लागतो. दर फेरीनंतर मऊ फडक्याने नळ्या पुसा, मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरचं पाणी सीलवर मारू देऊ नका, आणि फेरीच्या आदल्या रात्री सायकल उलटी ठेवा म्हणजे आतल्या स्पंजच्या कड्या तेलात भिजतात. वर्षात दोनच सर्व्हिस परवडत असतील तर एक पावसाळ्यानंतर दसऱ्याच्या सुमारास आणि दुसरी होळीनंतर करा.

म्हणून सायकल ठरवण्याआधी दुकानदाराला विचारा: याची सीलं आणि तेल कुठे मिळतं, काम इथेच होतं का? डँपर उघडण्याचं मोठं काम असेल तर फोर्क नागपूर, पुणे किंवा बेंगळुरूला पाठवायची वेळ येऊ शकते. नागपूर रेल्वेने पाच-साडेपाच तासांवर आहे, तिथे आपले नातेवाईक असतातच. फोर्क तेवढा काढून नेता येतो. सीलांचा एक संच सायकलबरोबरच विकत घेऊन ठेवा. मॉडेल बंद पडलं की तो शोधणं कठीण.

बिल पक्कं घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. कराआधी पन्नास हजारांची सायकल पूर्वी 56,000 ला पडायची, आता 52,500 ला पडते. जुन्या साठ्याच्या नावाखाली जुनाच कर लावला जात नाही ना, ते बिलावर वाचा. बिलावर सायकलच्या चौकटीचा क्रमांक आणि फोर्कचं पूर्ण नाव, स्प्रिंग की हवा यासकट, लिहून घ्या. पुढे वॉरंटी मागताना तोच कागद चालतो. दाखवला हवेचा आणि आला स्प्रिंगचा असं झालं तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. तरीही दाद मिळाली नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं, सायकल ऑनलाइन मुंबईहून मागवली असली तरी. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.