दुःखाला आधी वाट द्या

माझे बाबा पक्षाघाताने गेले. रात्री जेवताना त्यांची जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला. दिवसभराचा थकवा असेल, झोपले की बरं वाटेल, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. सकाळी रुग्णालयात नेलं तेव्हा उपचाराची वेळ टळून गेली होती.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. "तूच खचलीस तर आईकडे कोण बघणार?" जो तो हेच बजावत होता. म्हणून मी रडलेच नाही. बँकेची कागदपत्रं, वारसनोंद, वर्षश्राद्ध, सगळं पार पाडलं. पण झोप उडाली होती, घास गिळवत नव्हता. "रात्रीच नेलं असतं तर?" हा प्रश्न पाठ सोडत नव्हता. अखेर आमच्या डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं. तिथे मी बाबांबद्दल पोटभर बोलले, रडले. घरात कुणाला पक्षाघाताची लक्षणंच ठाऊक नव्हती, मग दोष कुणाचाच नव्हता, हे हळूहळू मनाला पटत गेलं.

तीच लक्षणं इतरांना सांगणं हे आता माझं काम झालं आहे. बचत गटात, ज्येष्ठ नागरिक संघात जाते आणि सांगते: तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. लक्षणं दिसली ती वेळ लक्षात ठेवा. तोंडाने पाणी किंवा औषध देऊ नका. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं दिसल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आई किंवा वडील नुकतेच गेले असतील, तर मात्र असं काम लगेच अंगावर घेऊ नका. आधी रडा. घरात त्यांचा विषय टाळू नका. कामाची ओढ पुढे आपसूक लागते. दुःख दडपण्यासाठी घेतलेलं काम माणसाला आणखी थकवतं. महिनोन्‌महिने रोजचे व्यवहार जमत नसतील, तर डॉक्टरांना भेटा. जगणंच नकोसं वाटलं, तर त्याच क्षणी 14416 या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर बोला. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि ओळखीच्या घरात मृत्यू झाला असेल, तर तेराव्यानंतरही तिथे जात राहा. "खंबीर हो" म्हणू नका. गेलेल्या माणसाबद्दल विचारा आणि समोरचा सांगेल ते ऐकून घ्या.